काचेची गोधडी

गोधडीला माग लागत नाही. जुनी लुगडी, धोतरं, चादरी एकावर एक अंथरायच्या, हातानं सपाट करायच्या, कडा दुमडायच्या आणि धावदोरा घालत बाहेरून आत यायचं. टाके कितीही सुबक असले तरी ऊब थरांचीच असते. दोऱ्यानं फक्त थर जागेवर धरून ठेवायचे. आजच्या पवनचक्क्यांची पन्नास-साठ मीटर लांबीची पाती ज्या कापडातून घडतात, ते कापड नेमकं याच पद्धतीनं तयार होतं. त्यात विणकाम नसतं, शिवण असते.

हे लिहिताना त्या कापडाचा वीतभर तुकडा माझ्यासमोर आहे. रंग पांढरा, चमक रेशमाची, आणि हातात घेतला की आकाराच्या मानानं जड. एका बाजूला चपटे जुडगे डावीकडून उजवीकडे तिरके गेलेत. तुकडा उलटा केला की मागचे जुडगे बरोबर उलट्या तिरप्यात. दोन्ही थरांमधून पॉलिएस्टरचा केसासारखा बारीक दोरा नागमोडी टाके घालत गेला आहे. टाक्याचं टोक नखानं सोडवून ओढलं, तर दोरा सर्रकन उसवतो आणि जुडगे भाताच्या पेंढीसारखे मोकळे होतात. थोडा वेळ हाताळलं की मनगटापाशी कुसळं रुतल्यासारखं चुरचुरायला लागतं. काच आहे ही.

कारखान्यात या कापडाला ‘बायॅक्स’ म्हणतात, कारण त्यात तंतूंच्या दोन दिशा असतात. सगळे तंतू एकाच दिशेनं गेले असतील तर ‘यूडी’, तीन दिशा असतील तर ‘ट्रायॅक्स’, आणि चार असतील तर ‘क्वाड्रॅक्स’. कापडाची ओळख रंगावरून किंवा पोतावरून होत नाही, तंतूंच्या कोनांवरून आणि दर चौरस मीटरच्या वजनावरून होते. ‘आठशे जीएसएमचं बायॅक्स’ एवढं सांगितलं की जाणकाराला पुरतं.

हाताळताना पहिला प्रश्न पडतो तो काचेचाच. जी काच हातातून निसटली की तिचे तुकडे होतात, तिच्यावर एवढी मोठी पाती कशी काय सोपवायची? याचं उत्तर १९२० साली मिळालं. इंग्लंडमधल्या फार्नबरो इथल्या विमान संशोधन संस्थेत ॲलन अर्नोल्ड ग्रिफिथ हा तरुण अभियंता काचेच्या काड्या ओढून तोडून पाहत होता. मिलिमीटरभर जाडीची काडी दर चौरस मिलिमीटरला साधारण १७ किलो भाराला तुटली. मग तो काड्या पातळ करत गेला. तीन मायक्रॉनच्या आसपासचा तंतू त्याच हिशेबानं ३४० किलोंच्या पुढे गेला. काच तीच आणि ताकद वीसपट. ग्रिफिथनं याचं कारणही दिलं. काचेचा दुबळेपणा तिच्या अंगात नसतो, तिच्यावरच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगांत असतो. ताण त्या भेगेच्या टोकाशी एकवटतो आणि भेग पुढे धावते. तंतू जितका बारीक, तितकी त्यात मोठी भेग मावायला जागा कमी. शिवाय हजारो तंतूंच्या जुडग्यात एक तुटला तरी त्याची भेग तिथेच संपते, शेजारच्या तंतूत शिरत नाही. अखंड काचेला हा बचाव नसतो.

असे तंतू ओढायची रीत १९३०च्या दशकात अमेरिकेत बसली. वाळू, चुना आणि ॲल्युमिना यांची वितळलेली काच प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या तबकडीतल्या शेकडो, कधी हजारो बारीक छिद्रांतून खाली येते. शेवया पडाव्यात तशा धारा पडतात आणि खाली फिरणारं चाक त्यांना प्रचंड वेगानं ओढून घेतं. तंतूची जाडी नऊ ते चोवीस मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढी किंवा त्याहूनही कमी. ओढतानाच त्यावर एक पातळ लेप चढवतात. तो तंतूंना एकमेकांवर घासून चरे पडू देत नाही आणि पुढे रेझिनशी, म्हणजे कापडात भिनून घट्ट होणाऱ्या चिकट द्रवाशी, पक्कं जोडतो. हजारो तंतूंचा असा एक जुडगा म्हणजे रोव्हिंग. ‘२४०० टेक्स’ असं लिहिलेलं रोव्हिंग किलोमीटरभर लांब घेतलं तर २४०० ग्रॅम भरतं, आणि तंतू सतरा मायक्रॉनचा असेल तर त्यात जवळपास चार हजार तंतू असतात. आपल्याकडे तळोजा आणि गोव्यातलं कोलवाळ इथे असे तंतू ओढणारे कारखाने उभे राहिले.

इथवर काचेचं झालं. खरी गंमत पुढे आहे, आणि ती बुरूड काम करणाऱ्याला कुणी शिकवावी लागत नाही. कळक उभा चिरायचा असेल तर कोयत्याचा एक घाव बुंध्याशी घालायचा आणि नुसता पिळा द्यायचा. कळक टोकापर्यंत आपोआप फाटत जातो. तोच कळक आडवा तोडायला मात्र घावामागून घाव घालावे लागतात. माणसाला खांद्यावर पेलणारं बांबूचं तंतुमय अंग बाजूनं ओढलं की उकलतं. रेझिनमध्ये बसवलेले काचतंतू असेच वागतात. एकाच दिशेच्या तंतूंचा पत्रा तंतूंच्या दिशेनं ओढला तर दर चौरस मिलिमीटरला साधारण १०० किलो पेलतो. तोच पत्रा आडवा धरून ओढला तर चार किलोंच्या आसपास तुटतो, कारण तिथे भार घ्यायला फक्त रेझिन आणि त्याची तंतूंवरची पकड उरते. माल तोच, वजन तेच, आणि ताकदीत पंचवीसपट फरक.

मधले कोनही माफ करत नाहीत. तंतू भाराच्या रेषेपासून दहा अंश सरकला की पत्र्याचा ताठरपणा सहाव्या हिश्शानं घटतो आणि ताकद तर निम्म्याच्याही खाली येते. दहा अंश म्हणजे किती? घड्याळाचा मिनिटकाटा दोन मिनिटंसुद्धा पुढे सरकत नाही, एवढं.

म्हणून या कामात ‘माल मजबूत आहे का’ हा प्रश्न अपुरा आहे. तो कोणत्या दिशेनं मजबूत आहे, हे विचारावं लागतं. लोखंडाचा पत्रा बाजारातून आणला की तो सगळीकडून सारखाच असतो. अभियंता फक्त त्याचा आकार ठरवतो. काचतंतूंच्या कामात वस्तूचा आकार आणि तिचा माल एकाच वेळी, एकाच साच्यात जन्माला येतात. थर कुठल्या कोनात अंथरायचा हे ठरवणारा माणूस त्या मालाचा गुणधर्मच ठरवत असतो. या विषयात मला सगळ्यात विलक्षण वाटते ती हीच गोष्ट.

मग हे तंतू सरळ मागावर विणून का घ्यायचे नाहीत? सुरुवातीला विणलेच. काचेचं विणलेलं कापड आजही भरपूर वापरतात. पण मागावर ताण्याचा धागा बाण्याच्या वरून, खालून, पुन्हा वरून असा लाटेसारखा जातो. सुती कापडात हे गुणाचं असतं, काचेत दोषाचं ठरतं. ओढलं की लाट आधी सरळ होऊ पाहते आणि भोवतीच्या रेझिनला तडा देते. दाबलं तर आणखी वाईट. सरळ उभी काठी वरून दाबा, बराच भार घेईल. आधीच पोक आलेली काठी दाबा, पोक वाढत जाऊन ती मोडेल. विणलेल्या कापडात तंतूला हजारो ठिकाणी असा पोक असतो.

यावरचा तोडगा काचेचा विचारही नसलेल्या माणसानं शोधून ठेवला होता. सॅक्सनीतल्या लिम्बाख गावच्या हाइनरिश माउअर्सबर्गर यानं १९४९ साली एका यंत्राचं पेटंट घेतलं. त्यात उभे धागे ताणून ठेवायचे, आडवे त्यांच्यावर नुसते टाकायचे आणि सुयांच्या रांगेनं तिसऱ्या दोऱ्याचे टाके घालून सगळं बांधायचं. धोट्याची ये-जा नाही, त्यामुळे वेग मागापेक्षा कितीतरी जास्त. यंत्राचं नाव ‘मालिमो’. त्यातला ‘मा’ त्याच्या आडनावातला आणि ‘लि’ गावाच्या नावातला. पूर्व जर्मनीत त्यावर साधं घरगुती कापड निघायचं. हीच कल्पना पुढे काचेला लावली गेली. आजच्या यंत्रांवर रोव्हिंगचे पट्टे ताणून हव्या त्या कोनात एकावर एक टाकले जातात. ० अंश म्हणजे कापडाच्या लांबीला धरून, ९० म्हणजे आडवे, अधिक-उणे ४५ म्हणजे दोन्हीकडचे तिरपे. शेवटी सुयांची रांग सगळे थर एकदम टाचते. प्रत्येक तंतू आपल्या थरात सरळच राहतो, कुणाच्या वरखाली जात नाही.

टाका पूर्ण निर्दोष नसतो, हेही सांगायला हवं. सुई जिथे घुसते तिथे तंतू जरासे बाजूला होतात आणि माशाच्या डोळ्याच्या आकाराची बारीक फट राहते. नंतर तिथे नुसतं रेझिन साचतं. दोरा जास्त ओढला तर फट रुंदावते, सैल सोडला तर थर सरकतात. मात्र त्याच फटींतून रेझिन झटकन आतवर पोचतं, त्यामुळे साच्यात काम करणारा त्यांना सरसकट वाईट म्हणत नाही.

आता हे कोन पात्यात कुठे बसतात ते पाहू. वारा पात्याला खांबाकडे ढकलतो, म्हणजे पातं वाकतं. वाऱ्याकडची बाजू ताणली जाते, पाठीमागची दाबली जाते. दोन्ही बाजूंना बुंध्यापासून टोकाकडे लांबच लांब यूडीचे जाड पट्टे घालतात. कामाच्या ठिकाणी त्यांना स्पार कॅप म्हणतात, आणि खऱ्या अर्थानं तो पात्याचा कणा असतो. पात्याची बरीचशी ताकद या दोन पट्ट्यांत असते. दाबल्या जाणाऱ्या बाजूला पोक अजिबात चालत नाही, म्हणून तिथे विणलेल्या कापडापेक्षा सरळ तंतूच हवेत. हल्ली फार लांब पात्यांत याच जागी कार्बनचे पट्टे येऊ लागलेत. ते अधिक ताठर, पण बरेच महाग.

तिरप्यांचं काम समजून घ्यायला ओला टॉवेल पिळून बघा. त्यावर वळ्या पडतात त्या तिरप्या. शाळेतला खडू दोन्ही हातांनी पिळून तोडला तर तोही सरळ आडवा तुटत नाही, पंचेचाळीस अंशांच्या वळणदार कापानं तुटतो. पिळताना एका तिरप्या रेषेत ताण येतो आणि तिला काटकोनात असलेल्या तिरप्या रेषेत दाब. त्या दोन्ही रेषांवर तंतू आधीच ठेवले तर पिळाला थेट तंतूच उत्तर देतात. म्हणून पात्याच्या सालीत आणि दोन कण्यांना आतून जोडणाऱ्या उभ्या पडद्यांत अधिक-उणे ४५चं बायॅक्स असतं. बुंध्याशी, जिथे सगळेच भार एकत्र येतात, तिथे ट्रायॅक्सचे थरावर थर.

शिंप्याला तिरप्याचा आणखी एक गुण ठाऊक असतो. रुमाल कडेला धरून ओढला तर ताणत नाही, कोपऱ्यांना धरून ओढला तर भरपूर ताणतो. गळ्याच्या गोलाईला पट्टी लावायची तर शिंपी कापड उरेब कापतो, कारण उरेब पट्टी वळणावर सुरकुती न पडता बसते. बायॅक्सचे तंतू गुंडाळीतच तिरपे असल्यानं ते पात्याच्या दुहेरी बाकावरही असंच अंगासरसं बसतं. बलाचा विचार आणि शिवणकामाचा विचार इथे एकाच कोनावर येऊन मिळतात.

दिशेचा हा विचार किती पुढे नेता येतो, याचं सर्वांत सुंदर उदाहरण १९५७ सालचं आहे. त्या वर्षी जर्मनीत स्टुटगार्टच्या विद्यार्थी-संशोधकांनी बांधलेलं ‘फीनिक्स’ हे काचतंतूंचं पहिलं ग्लायडर उडालं. त्याच सुमारास, त्याच प्रदेशातल्या ष्टोटन इथे उलरिश ह्युटर यानं ३४ मीटर व्यासाची, १०० किलोवॉटची पवनचक्की उभी केली. ह्युटर मूळचा ग्लायडर घडवणारा. त्याच्या चक्कीला दोनच पाती होती, काचतंतूंची, सतरा-सतरा मीटरची. अडचण होती सांध्याची. पातं पोलादी तुंब्याला बोल्टनं जोडायचं, आणि बोल्टसाठी भोक पाडायचं म्हणजे तंतू तोडायचे. जिथे भार सर्वाधिक, तिथेच तुटलेले तंतू! ह्युटरनं भोक पाडलंच नाही. पात्याच्या टोकाकडून आलेला रोव्हिंगचा जुडगा त्यानं बुंध्याशी बोल्टच्या नळीभोवती वळवला आणि परत टोकाकडे नेला. खुंटीला दावं टाकावं तसा प्रत्येक बोल्टला तंतूंचा अखंड फासा. एकही तंतू न तोडता काच पोलादाला जोडली गेली. ती चक्की १९६८पर्यंत उभी होती. पुढे डेन्मार्कमधल्या ट्विंड इथल्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी १९७५ ते १९७८ या काळात स्वतःच्या हातांनी ५४ मीटर व्यासाची प्रचंड पवनचक्की बांधली, तेव्हा पात्यांच्या बुंध्यासाठी त्यांनी ह्युटरचीच रीत उचलली. तिथून ती डेन्मार्कच्या छोट्या पाते-कारागिरांकडे गेली.

आज पातं घडवताना दोन अर्धे साचे घेतात. त्यांत कापडाच्या गुंडाळ्या उलगडत जातात. बुंध्याशी थरांची चळत जाड, टोकाकडे एकेक थर संपवत पातळ. मधे हलकेपणासाठी बाल्सा लाकडाचे किंवा फेसाचे ठोकळे. वर प्लॅस्टिकची चादर, कडा हवाबंद, आणि पंपानं आतली हवा काढून घ्यायची. मग नळ्या उघडतात. निर्वात पोकळी रेझिनला आत खेचते, आणि पांढरं कापड ओलं होत जाताना पारदर्शक दिसायला लागतं. ही ओली रेषा हळूहळू पुढे सरकते आणि सगळ्यांचे डोळे तिच्यावर असतात.

इथला खरा शत्रू म्हणजे सुरकुती. अंथरताना यूडीचा एक थर कुठे जरासा उचलला गेला, त्यावर पुढचे थर आले, आणि रेझिन घट्ट झालं की तो पोक कायमचा झाला. यंत्रानं इतक्या निगुतीनं सरळ ठेवलेला तंतू एका बेसावध हातानं वाकडा होतो. म्हणून साच्यात माणसं वाकून, तळहातानं थर बाहेरच्या बाजूला सारत, पुन्हा पुन्हा तपासत काम करतात. गोधडी अंथरणाऱ्या बाईचा हात असाच फिरतो.

थरांचा क्रमही जपावा लागतो. पुठ्ठ्याला एकाच बाजूनं कागद चिकटवला तर वाळल्यावर पुठ्ठा वाकतो. बाइंडर दुसऱ्या बाजूनंही कागद लावतो, मग तो सपाट राहतो. काचेच्या थरांचं तेच आहे. मध्यापासून वर जो कोन ज्या क्रमानं, तोच खाली आरशातल्यासारखा हवा. अधिक ४५ घातला तर उणे ४५ हवाच. एक जरी विसरला तरी थंड झाल्यावर तुकडा आपोआप पिळला जातो.

हे सगळं इतक्या काटेकोरपणे कशासाठी? हिशेब करून पाहा. मिनिटाला बारा फेऱ्यांनी सतत फिरणारं पातं वीस वर्षांत बारा कोटींहून जास्त फेऱ्या घेईल. वारा पडलेले दिवस वजा केले तरी दहा कोटींच्या घरात. प्रत्येक फेरीत पातं दोनदा आडवं होतं, आणि दोन्ही वेळा त्याचं स्वतःचं वजन त्याला उलट्या बाजूंना वाकवतं. एकदा सहन होणारा पोक दहा कोटी वेळा सहन होत नाही.

आपल्या किनाऱ्यावर ‘फायबरची होडी’ सगळ्यांच्या ओळखीची आहे. ती बहुतेक मॅटवर बनते. मॅट म्हणजे दोन-पाच सेंटिमीटरचे तुकडे केलेले काचतंतू कशाही दिशांनी पसरून केलेला थर. मॅट स्वस्त, कोनाकोपऱ्यात सहज दबणारी, पाणी अडवण्यात चोख. टाकीला, छपराला, होडीच्या बाहेरच्या थराला ती योग्यच आहे. पण तिला सगळ्या दिशा सारख्या, म्हणजे कुठल्याच दिशेला पुरेसे तंतू नाहीत. शिवाय ती रेझिन फार पिते. हातानं लावलेल्या मॅटच्या कामात वजनानं दोन-तृतीयांशाहून जास्त रेझिन असतं. शिवलेलं कापड आणि निर्वात पंप वापरला तर हे प्रमाण जवळजवळ उलटं होतं. होडीचा कणा, काठ, इंजिनाची बैठक इथे भाराची दिशा स्पष्ट असते. तिथे मॅटवर मॅट चढवत जाणं म्हणजे डिझेल जाळून रेझिन समुद्रात फिरवणं आहे. कोकणातल्या आणि गोव्यातल्या होडी-कारागिरांना या कापडांची ओळख आयटीआयमध्ये आणि छोट्या कार्यशाळांतून करून द्यायला हवी. त्यांचे हात तयार आहेत. कुणीतरी कोनांचं गणित त्यांच्यापर्यंत न्यायचं आहे.

आणि कधी महामार्गावर लांबलचक ट्रेलरवर आडवं ठेवलेलं पातं पुढे चाललेलं दिसलं, तर घाईनं ओव्हरटेक करू नका. मागे थोडं अंतर ठेवून बघा. गतिरोधकावरून चाकं गेली की टोक वर-खाली डोलतं. बघणाऱ्याला वाटतं, आता मोडतंय. ते मोडत नाही. त्या पांढऱ्या रंगाखाली कोट्यवधी तंतू एकाच दिशेनं सरळ झोपलेले आहेत आणि ते डोलणं त्यांनीच पेललेलं आहे.